उंबरठ्याखालचा आवाज

"काका, माईआजीचं गाणं मी कॉम्प्रेस केलंय, आता ऐकून बघा," असे पुतण्याने फोनवर सांगितले तेव्हा आम्ही त्याच्यावर चांगलेच रागावलो. शेहेचाळीस वर्षे जपलेली एकुलती एक कॅसेट, आणि ती ह्या मुलाने दाबून लहान केली! संगणकावर जागा पुरत नाही म्हणून लोक गाणी एमपी३ करून ठेवतात, एवढे आम्हांलाही ठाऊक होते. जागेचाच प्रश्न असेल तर नवी हार्ड डिस्क आम्ही घेऊन देऊ, असे आम्ही त्याला मोठ्या बाणेदारपणे ऐकवले. तो हसला. म्हणाला, "ते कॉम्प्रेशन वेगळं, काका. ह्यानं फाइल जराही लहान होत नाही."

त्याचे म्हणणे खरे होते. ध्वनिमुद्रणाच्या जगात ह्या एका नावाची दोन माणसे राहतात आणि त्यांचे एकमेकांशी काही नाते नाही. एमपी३ करणारे कॉम्प्रेशन, कानाला एरवीही जाणवले नसते असे गृहीत धरून ध्वनीतला काही तपशील गाळून टाकते व जागा वाचवते. दुसरे कॉम्प्रेशन काहीही गाळत नाही. ते मोठा आवाज आणि लहान आवाज ह्यांमधले अंतर कमी करते. पुतण्याने माईआत्याच्या गाण्यावर हा दुसरा प्रयोग केला होता. तो नेमका काय प्रकार आहे हे समजून घेण्यात आमचे पुढचे दोन महिने गेले, आणि त्या दोन महिन्यांत आमच्या हाती जे लागले त्याची आम्ही कल्पनाही केली नव्हती.

आधी कॅसेटविषयी सांगितले पाहिजे. होळकरांच्या दप्तरात चाकरीसाठी म्हणून आमचे पूर्वज इंदूरला आले, त्याला पाच पिढ्या झाल्या. माईआत्या ही आमच्या वडिलांची थोरली बहीण. अकाली वैधव्य आल्यावर ती आमच्याच घरी राहिली आणि मुलींच्या शाळेत गाणे शिकवू लागली. जाहीर मैफल तिने आयुष्यात केली नाही. गणपतीत एखाद्या संध्याकाळी आणि कोजागिरीला आमच्या गच्चीवर, एवढेच तिचे गाणे. १९७८ सालच्या कोजागिरीला मस्कतहून सुट्टीवर आलेल्या मामाने आपला टेपरेकॉर्डर वर आणला. त्याची वायर आत्याच्या बैठकीपर्यंत पोहोचेना. शेवटी ते यंत्र जिन्याच्या तोंडाशी एका पाटावर ठेवण्यात आले. शेजारीच हातभर अंतरावर आईची शेगडी होती आणि तिच्यावर दुधाचे पातेले. आत्या मालकंस गायली. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू भरली. तिच्या गाण्याचे दुसरे ध्वनिमुद्रण नाही.

आई १९८३ मध्ये गेली आणि आत्या १९९१ मध्ये. २०२४ साली आत्याची जन्मशताब्दी आली तेव्हा सगळ्या भावंडांना तिच्या गाण्याची प्रत हवी होती. थोरले बंधू हैदराबादेत, बहीण वडोदऱ्याला, आम्ही आणि धाकटा भाऊ इथे इंदुरात. धाकट्याच्या मुलाची रामबागेत वरच्या मजल्यावर एक छोटी रेकॉर्डिंगची खोली आहे. भिंतींना जाड गाद्या ठोकल्या आहेत आणि तिथे लग्नाची गाणी, भजने, दुकानांच्या जाहिराती असे सर्व काही तयार होते. कॅसेट उघडली तेव्हा फीत दाबून धरणारी स्पंजाची गादी निखळून पडली होती. त्याने ती फीत अलगद काढून दुसऱ्या कॅसेटच्या सांगाड्यात बसवली, वाचणाऱ्या हेडचा स्क्रू केसभर फिरवून खालावलेले वरचे स्वर परत आणले, आणि मग संगणकात सारे उतरवून घेतले. इतक्या निगुतीने काम करणाऱ्या मुलावर आम्ही रागावलो ह्याची आता लाज वाटते.

त्याने पाठवलेले गाणे पहिल्यांदा ऐकले तेव्हा आनंद झाला. मोबाइलच्या एवढ्याशा भोंग्यातूनही आत्याचा शब्द न् शब्द कळत होता. रस्त्यावर रिक्षांचा कल्लोळ चालू असताना गॅलरीत उभे राहून ऐकता येत होते. दुसऱ्यांदा ऐकले तेव्हा काही तरी खुपू लागले. तिसऱ्यांदा कळले की आत्या गाताना थांबली की तंबोराही थांबतो आहे! तिने श्वास घेतला की गच्चीवर पोकळी पसरे, आणि पुन्हा सूर लावला की तंबोरा धावत येऊन तिला गाठी. दुसरी गोष्ट अशी की मंद्र धैवतावर ती जितकी जवळ वाटे तितकीच तार षड्जावरही. मालकंसात मंद्रातून वर येताना माणूस जिना चढून येतो तसे वाटले पाहिजे. इथे सारे बिऱ्हाड तळमजल्यावर आले होते.

ही तक्रार घेऊन आम्ही रामबागेतल्या खोलीत जाऊन बसलो. पुतण्याने न कंटाळता समजावले. तो म्हणाला, कल्पना करा की तुम्ही रेडिओच्या आवाजाच्या बटणावर हात ठेवून बसला आहात. गाणारा मोठ्याने गाऊ लागला की तुम्ही बटण थोडे मागे फिरवता, तो खाली आला की पुन्हा पुढे. कॉम्प्रेसर हेच करतो, फक्त त्याचा हात माणसापेक्षा पुष्कळ चपळ असतो. त्याला चार गोष्टी सांगाव्या लागतात. किती मोठ्या आवाजापासून काम सुरू करायचे हे पहिले. त्याला थ्रेशोल्ड म्हणतात आणि आम्हांला त्यासाठी 'उंबरठा' हा आपला शब्द फारच आवडला. उंबरठ्याखालच्या आवाजाला यंत्र हात लावत नाही. दुसरे म्हणजे प्रमाण. ते चारास एक ठेवले, तर उंबरठा बारा डेसिबलने ओलांडून गेलेला स्वर बाहेर येताना तीनच डेसिबलने वर राहतो. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या नऊ डेसिबलच्या काटछाटीचा अंदाज येतो. तिसरी आणि चौथी गोष्ट वेळेची. हात किती लवकर पडावा आणि किती सावकाश उचलावा.

ह्या वेळेच्या गोष्टीत सगळी मेख आहे. त्याने आम्हांला तबल्यावर प्रयोग करून दाखवला. हात एका मिलिसेकंदात पडेल असे केले, तेव्हा 'ना' ची टोकदार कड छाटली गेली आणि चाटेवर बोटाऐवजी कापडाचा बोळा मारावा तसे ऐकू आले. तीस मिलिसेकंदांची सवलत दिली तेव्हा ती कड यंत्राच्या हातून निसटून पुढे गेली आणि मागची आस तेवढी दबली. तबला उलट अधिकच खणखणीत वाटला. म्हणजे आवाज दाबणारे यंत्रच, थोडे उशिरा जागे झाले तर, आघात उठावदार करते! हे ऐकल्यावर आमचा ह्या यंत्राविषयीचा आकस निम्मा कमी झाला. हात उचलण्याची वेळ चुकली तर मात्र दुसरा दोष येतो. गाणारा थांबताच यंत्र लगेच आवाज वाढवते आणि तंबोरा, पंखा, रातकिडे, फितीची खरखर अशी मागची सगळी मंडळी एकदम अंगावर येतात, पुन्हा सूर लागताच मागे हटतात. सारे गाणे धापा टाकत असल्यासारखे वाटते. हा दोष झाकण्यासाठीच पुतण्याने आणखी एक यंत्र लावले होते. त्याला गेट म्हणतात. आवाज ठरावीक पातळीच्या खाली गेला की हे फाटक सरळ बंद होते. बिचारा तंबोरा त्या फाटकाबाहेर अडकला होता.

आमच्या पिढीला वाटते की हे सगळे संगणकाचे चाळे आहेत. तसे नाही. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित झाले तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यात तोंड घालून गावे लागे आणि मोठा स्वर आला की तोंड मागे घ्यावे लागे, नाही तर सुई थयथयाट करी. १९२५ पासून विजेवरचे ध्वनिमुद्रण आले तरी तबकडीच्या खाचेला मर्यादा होतीच. स्वर जितका मोठा तितकी खाच रुंद, आणि तितकी तबकडीवरची जागा कमी. रेडिओच्या प्रक्षेपकालाही मर्यादेबाहेरचा आवाज सोसत नसे. आरंभी माणसे बटणावर हात ठेवून बसत, पुढे हे काम यंत्रांकडे गेले. १९६० च्या दशकातले टेलिट्रॉनिक्स कंपनीचे एलए-२ए हे यंत्र तर आम्हांला एखाद्या कवितेसारखे वाटले. त्यात आवाजाच्या विजेवर एक पट्टी उजळते, तिचा प्रकाश एका प्रकाशसंवेदी रोधकावर पडतो आणि तो रोधक आवाज खाली आणतो. आवाज ओसरला की पट्टी विझते, पण रोधक लगेच पूर्वस्थितीला येत नाही. अर्धा झटकन येतो आणि उरलेला रेंगाळत, काही सेकंदांनी. माणसाच्या गळ्यावर ह्या रेंगाळण्याचा परिणाम इतका गोड होतो की आज पुतण्याच्या संगणकात त्या यंत्राची हुबेहूब नक्कल आहे. जुन्या दोषासकट नक्कल. ह्या धंद्यातली माणसे मोठी रसिक दिसतात.

ह्या रसिकतेला मध्यंतरी ग्रहण लागले होते. सीडीवर तब्बल शहाण्णव डेसिबलचे अंतर मावत असताना, १९९० नंतर पाश्चात्त्य कंपन्यांनी आपले गाणे शेजारच्या गाण्यापेक्षा मोठे वाजावे म्हणून सगळेच स्वर छताला नेऊन भिडवले. २००८ मध्ये मेटॅलिका ह्या वाद्यवृंदाच्या संग्रहाविषयी त्याच्याच चाहत्यांनी तक्रार केली, कारण एका व्हिडिओ खेळात घातलेली तीच गाणी कमी दाबलेली आणि अधिक चांगली ऐकू येत होती. जाणवणारा मोठेपणा मोजण्याची आंतरराष्ट्रीय पद्धतही ठरली, आणि आता इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या अनेक सेवा सर्व गाणी साधारण एका पातळीवर आणून वाजवतात. त्यामुळे आरडाओरडीचा फायदा बराचसा संपला. आमच्या दूरदर्शनसंचावरच्या जाहिरातींना ही बातमी अद्याप पोहोचलेली दिसत नाही.

आपल्या गाण्याला ह्या छापखान्यातून काढणे अधिकच धोक्याचे. अमीर खाँसाहेबांच्या अतिविलंबितात दोन स्वरसमूहांमधला विसावा हाही गाण्याचाच भाग असतो. तिथे यंत्राने तंबोरा फुगवला तर खाँसाहेब बोलता बोलता मागून कोणी ढकलल्यासारखे होईल. देवासच्या कुमारजींना समोर बसून ऐकलेले लोक आमच्या गावात अजून आहेत. क्षयाच्या दीर्घ आजारातून उठलेल्या त्या गळ्याने लहान लहान श्वासांत, कुजबुजीपासून थेट आरोळीपर्यंत जे अंतर एका झेपेत कापले, ते अंतरच काढून घेतले तर कुमारजींचे काय उरेल? आणि तरीही हेही सांगितले पाहिजे की चांगला गवई स्वतःच थोडे कॉम्प्रेशन करीत असतो. तार सप्तकात जाताना मायक्रोफोनपासून मान मागे घेणारे गायक आपण सर्वांनी पाहिले आहेत.

एवढे ज्ञान झाल्यावर आम्ही निकाल दिला. पुतण्याला म्हटले, "बाबा रे, तुझं कौशल्य मान्य, पण आम्हांला कॅसेट आहे तशीच दे. कच्ची. आत्यानं गायलं तसं."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, ही टेप कच्ची कधीच नव्हती."

त्याने काहीही न लावलेली मूळ फीत सुरू केली आणि पडद्यावरच्या रेघांवर बोट ठेवले. एका जागी मामाने, यंत्राच्या अगदी जवळून, खास इंदुरी थाटात "क्या बात है!" अशी दाद दिली आहे. त्याबरोबर आत्या आणि तंबोरा दोन्ही तळाला गेले, आणि दोन-तीन सेकंदांत सावकाश वर तरंगत आले. त्या काळच्या पुष्कळ घरगुती टेपरेकॉर्डरांत आवाजाची पातळी आपोआप राखणारी सोय असे. गडबडलेल्या गृहस्थाला बटण फिरवावे लागू नये म्हणून. मामाच्या यंत्रानेही मोठा आवाज आला की मुद्रण खाली केले आणि शांतता झाली की वर ओढले. म्हणजे १९७८ च्या त्या रात्री, चंद्र डोक्यावर असताना, आत्याचे गाणे कॉम्प्रेस होऊनच फितीवर उतरले होते. आम्ही ज्याचे पावित्र्य राखायला निघालो होतो ते गाणे गच्चीवरच्या कोणीही तसे ऐकलेले नव्हते. पुतण्याने वर असेही सांगितले की आपल्या कानातही एक चिमुकला स्नायू असतो. मोठा आवाज झाला की तो आपोआप आवळतो आणि आत जाणारा ध्वनी थोडा कमी करतो. आम्ही वाद घालायचे सोडून दिले.

"शांततेत यंत्र किती वर ओढत होतं ते बघा न," म्हणून त्याने आमच्या कानांवर हेडफोन चढवले. फाटक काढून टाकले, प्रमाण वाढवले, उंबरठा खूप खाली नेला आणि दबलेले सारे वर उचलले. आत्या सम गाठून थांबली. तंबोरा घंघावत पुढे आला, त्याच्या मागे खरखरीचा पाऊस, आणि त्या पावसातून एक बाईचा आवाज, घाईचा, दबलेला, पण अगदी जवळून:

"पेले कमी पडतील. जा, खालच्या कपाटातले..."

आणि आत्याची तान सुरू झाली.

पुतण्याने विचारले, "ह्या कोण?" तो जन्मला तेव्हा आई जाऊन बरीच वर्षे झाली होती. आम्हांला उत्तर द्यायला थोडा वेळ लागला.

आईचे ध्वनिमुद्रण आमच्याकडे नाही. कोणाहीकडे नाही. तिची सहा छायाचित्रे आहेत आणि तिच्या हातची एक पाककृतींची वही. ही कॅसेट आम्ही पूर्वीही ऐकली होती, पण ती कुजबुज खरखरीत बुडालेली होती आणि आमचे कान आत्याकडे होते. वायर पुरली नाही म्हणून यंत्र शेगडीजवळ आले, आत्या थांबली म्हणून यंत्राने शांततेत कान टवकारले, आणि आता पुतण्याच्या यंत्राने तेच आणखी वर उचलले. ज्या दोषावर आम्ही तावातावाने बोललो होतो, त्याच दोषाने आमची आई परत बोलली. आणि पुतण्याने लावलेल्या त्या फाटकामागे तंबोऱ्याबरोबर तीही बंद झाली होती.

वाक्य मात्र पुरे होत नाही. "खालच्या कपाटातले" ह्यापुढे एक शब्द आहे, बहुधा दोन. त्याच क्षणी आत्याचा स्वर उंबरठा ओलांडतो, मामाचे यंत्र सगळ्यालाच खाली ढकलते, आणि आत्याबरोबर आईही खाली जाते. आत्या तरीही ऐकू येते, आई खरखरीच्या खाली जाते. पुतण्याने तीन रात्री खर्ची घातल्या. खालचा घरघराट काढला, वरची सळसळ छाटली, आवाज आणखी उचलला. जितकी आई वर येई तितकी खरखरही येई. शेवटी त्याने खांदे उडवले. फितीच्या खरखरीखाली जे गेले ते फितीवर उतरलेच नाही, असे तो म्हणाला.

भावंडांसाठी त्याने दोन प्रती केल्या. पहिलीत सारे गाणे आहे. प्रमाण दोनास एक, उंबरठा इतका वर की तार षड्जालाच काय तो स्पर्श व्हावा, हात सावकाश उचलणारा, फाटक नाही. मंद्रातली आत्या ऐकायला खिडक्या बंद कराव्या लागतात. ते आम्हांला मान्य आहे. दुसरी प्रत अकरा सेकंदांची आहे, आणि तिच्यावर त्याने आपल्या विद्येतले जे जे काही दाबता-उचलता येते ते सर्व केले आहे. गाणे म्हणून ती ऐकवत नाही.

दुसरी प्रत पाठवल्यावर अर्ध्या तासात वडोदऱ्याहून बहिणीचा फोन आला. काही वेळ कोणीच बोलले नाही. मग ती म्हणाली, "दादा, मलाच पाठवलं होतं आईनं. खालच्या कपाटातले काचेचे पेले." थोरल्या बंधूंचे म्हणणे निराळे. खाली तेच गेले होते, पेले स्टीलचे होते आणि एक जिन्यात पडून वाजला होता. तो आवाज टेपमध्ये शोधा म्हणजे पटेल, असा त्यांचा निरोप आहे. पुतण्याने शोधला. पुढच्या तानेच्या मधोमध एक बारीक टणत्कार खरोखरच सापडतो. तो पेल्याचा, की तबलजींच्या हातोडीचा, ह्यावर अजून एकमत झालेले नाही.